चौकशी आधी, पोलीस नंतर: राजुऱ्यानंतरही शाळा तशाच का वागतात?

दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात एका आईबरोबर मी शाळेत गेले होते. गावाचे नाव लिहिणार नाही, शाळेचेही नाही. मुलगी ओळखू येईल असे काहीही छापू नये, असे पोक्सो कायद्याचे कलम २३ सांगते, आणि कायदा नसता तरी लिहिले नसते. मुलगी एका शिक्षकाबद्दल घरी बोलली होती. मुख्याध्यापकांनी आम्हाला बसवले, चहा मागवला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, लेखी द्या. मी केंद्रप्रमुखांकडे पाठवतो, वरून चौकशी लागेल. तोपर्यंत बाहेर बोलू नका. पोरीचंच नाव खराब होईल."

हा माणूस वाईट नव्हता. तो त्याला ठाऊक असलेली पद्धत सांगत होता. मला बोलायचे आहे ते या पद्धतीबद्दल, कारण चंद्रपूर आणि गडचिरोलीत काम करताना हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे.

शाळेत काही झाले की कागद वर जातो. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. आश्रमशाळा असेल तर मुख्याध्यापकाकडून प्रकल्प अधिकारी आणि तिथून नागपूरचे अपर आयुक्त. या प्रत्येक टेबलावर विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: कर्मचाऱ्याने सेवानियमांचा भंग केला का? जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत, खासगी शाळेतल्या शिक्षकाला १९८१ ची सेवाशर्ती नियमावली. १९८१ च्या नियमांप्रमाणे चौकशी समिती तीन जणांची असते. एक संस्थेचा, एक खुद्द आरोप असलेल्या कर्मचाऱ्याने निवडलेला, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधून घेतलेला. मुदत १२० दिवसांची. मुलीच्या बाजूचा माणूस त्यात कुठेही नाही. मुलीच्या आईला समितीचा निष्कर्ष कळवावा असेही कुणाला वाटत नाही.

हे नियम वाईट आहेत असे मी म्हणत नाही. संस्थाचालकाच्या मर्जीने नोकरी जाऊ नये म्हणून ते झाले, आणि आपल्या समाजातल्या कितीतरी शिक्षकांना त्यांनी वाचवले आहे. पण ते मालक आणि नोकर यांच्यातल्या भांडणासाठी आहेत. अकरा वर्षांच्या मुलीवर झालेल्या गुन्ह्यासाठी तीच यंत्रणा वापरली की मुलगी साक्षीदार होते, शिक्षक पक्षकार होतो आणि शाळा न्यायाधीश होऊन बसते.

१४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो कायदा लागू झाला तेव्हा हा रस्ता बंद व्हायला हवा होता. कलम १९ म्हणते की बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तसा गुन्हा होईल अशी ज्याला भीती वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. खात्री करून घ्या, मग कळवा, असे कायद्यात नाही. खात्री करणे हे तपास अधिकाऱ्याचे आणि न्यायालयाचे काम. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला भरता येत नाही. म्हणजे त्या दिवशी चहा पाजणाऱ्या मुख्याध्यापकांनी आईचे बोलणे ऐकून घेतले, त्या क्षणापासून पोलिसांना कळवणे त्यांच्यावर बंधनकारक झाले होते.

आता राजुरा. आपल्यापैकी जे त्या वेळी महाविद्यालयात होते त्यांना एप्रिल २०१९ आठवत असेल. लोकसभेची निवडणूक चालू होती. राजुऱ्याच्या इन्फंट जीजस इंग्लिश पब्लिक हायस्कूलच्या वसतिगृहातल्या लहान आदिवासी मुलींना चक्कर येऊन दवाखान्यात न्यावे लागले. राजुऱ्याहून त्यांना चंद्रपूरला हलवले आणि तिथे डॉक्टरांना वेगळाच संशय आला. गुन्हा दाखल झाला, वसतिगृहाचा अधीक्षक आणि त्याचा सहकारी पकडले गेले, आणि तपास पुढे गेला तसा अत्याचार झालेल्या मुलींचा आकडा १७ वर गेला.

या मुली तिथे कशा आल्या ते पाहा. आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळेत घालायचे आणि त्यांचा खर्च आदिवासी विकास विभागाने भरायचा, अशी शासनाची योजना आहे. पाड्यावरच्या आईबापांनी सरकारच्या भरवशावर सहा-सात वर्षांची मुलगी दिली. शाळा खासगी, पैसा सरकारी, मुलगी जंगलातली. आईबापांना महिनोन्महिने भेट नाही. शिक्षकांची भाषा मराठी-इंग्रजी, मुलीची गोंडी किंवा कोलामी. अशा ठिकाणी मुलीने सांगायचे कुणाला? अधीक्षकाबद्दल तक्रार करायची तर ती अधीक्षकाकडेच.

राजुऱ्याच्या प्रकरणातला जो भाग प्रत्येक शिक्षकाला आणि कार्यकर्त्याला पाठ असायला हवा, तो मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करायला एक डॉक्टर नेमलेला होता. मुलींवर काय होत आहे हे त्याला कळले होते, तरी त्याने पोलिसांना कळवले नाही, असा त्याच्यावर आरोप ठेवला गेला. त्याने अत्याचार केला असे कुणाचेच म्हणणे नव्हते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २०२२ ला न्यायमूर्ती अजय रस्तोगी व न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने तो निर्णय फिरवला. गुन्ह्याची माहिती लगेच आणि नीट देणे हा या कायद्याचा पाया आहे, माहिती असून गप्प बसले तर कायद्याचा हेतूच मोडतो, अशा अर्थाचे त्यात म्हटले आहे. डॉक्टर दोषी आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, त्याच्यावर खटला चालला पाहिजे इतकेच म्हटले. तरीही गप्प बसणे हा स्वतंत्र गुन्हा आहे हे देशातल्या सगळ्या शाळांना सांगणारा निकाल आपल्या राजुऱ्याच्या मुलींमुळे आला. दोन्ही जिल्ह्यांत शिक्षकांची किती प्रशिक्षणे होतात! त्यांतल्या किती ठिकाणी या निकालाचा उल्लेख होतो, हे वाचणाऱ्या शिक्षकांनीच आठवून पाहावे.

राजुऱ्यात दुसरेही एक घडले. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते काँग्रेसचे माजी आमदार सुभाष धोटे. अत्याचाराचा आरोप त्यांच्यावर नव्हता. पण काँग्रेस नेत्यांच्या एका पत्रकार परिषदेत, सरकारी मदतीचे पैसे मिळतात म्हणून पालक तक्रारी घेऊन पुढे येत आहेत, अशा अर्थाचे बोलले गेले. आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या, पालक न्यायालयात गेले, मग माफी मागितली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये धोटे राजुऱ्यातून पुन्हा आमदार झाले. मतदारांनी कशासाठी मत दिले हे मी सांगू शकत नाही. पण 'पैशासाठी' हा शब्द आपण नीट ओळखून ठेवला पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली मदत हा पीडितेचा हक्क आहे, गुन्हा नोंदल्यापासून टप्प्याटप्प्याने द्यायचा. हाच शब्द खैरलांजीनंतर आपल्या लोकांबद्दल वापरला गेला आहे, आणि गावोगावच्या अॅट्रॉसिटी प्रकरणांत अजून वापरला जातो. तो गोंड आईबापांबद्दल वापरला गेला तेव्हा बौद्ध संघटनांचा आवाज जितका मोठा हवा होता तितका मला ऐकू आला नाही. 'तो त्यांचा प्रश्न आहे' असे आपल्यातल्या काहींना वाटले असावे.

पाच वर्षांनी बदलापूर झाले. ऑगस्ट २०२४, चार वर्षांच्या दोन मुली, आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी. गुन्हा नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी तासन् तास लावले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा राज्य हलले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने का कळवले नाही असे विचारले. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. आरोपी सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. त्यावर टाळ्या वाजवणारे आपल्यातही होते, म्हणून एक सांगते: आरोपी मेला की खटला संपतो, आणि शाळेत कुणाला काय माहीत होते हे साक्षीतून बाहेर येण्याची एक मोठी वाट बंद होते.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय आला. सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समिती. त्यात एक वाक्य असेही होते की अनुचित प्रकार घडल्यास शाळेने २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. हेतू चांगला असेल. पण मुख्याध्यापकाच्या हातात हा कागद पडला की तो काय वाचतो? शिक्षणाधिकाऱ्यांना कळवले, माझे काम झाले. म्हणजे कायद्याने बंद केलेला कागदाचा रस्ता परिपत्रकाने पुन्हा उघडून दिला. शासन निर्णय कायद्यापेक्षा मोठा नसतो. शिक्षणाधिकाऱ्यांना जरूर कळवा, पण पोलिसांना कळवल्याशिवाय कलम १९ पूर्ण होत नाही. हे वाक्य प्रत्येक शाळेच्या कार्यालयात लावायला हवे.

सखी सावित्री समितीचा शासन निर्णय तर मार्च २०२२ चा आहे. शाळा व्यवस्थापन समिती, महिला शिक्षिका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक, मुले-मुली, सगळ्यांना त्यात जागा आहे. मी ज्या शाळांत जाते तिथे बहुतेक ठिकाणी समितीचा फलक आहे, नावे रंगवलेली आहेत. एका गावात फलकावर नाव असलेल्या अंगणवाडी ताईंना मी विचारले तर त्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते. तक्रार पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत, किल्ली त्यांच्याच खिशात.

याच्या उलट उदाहरणही त्याच महिन्यातले आहे. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या काजीखेडच्या जिल्हा परिषद शाळेत एका शिक्षकाबद्दलची तक्रार १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर गेली. तिथून बालकल्याण समितीपर्यंत पोचली, मुलींशी बोलणे झाले आणि शिक्षकाला अटक झाली. कागद वर गेला नाही, शाळेच्या बाहेर गेला, म्हणून काम झाले. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कोरपन्यात, एका खासगी शाळेतल्या शिक्षकाला विद्यार्थिनीवरच्या अत्याचाराच्या आरोपात अटक झाली. तो एका राजकीय पक्षाचा स्थानिक पदाधिकारीही होता. न्यायालय काय ते ठरवेल. शिक्षक, पदाधिकारी आणि गावातला वजनदार माणूस हे तिन्ही एकाच शरीरात असले की एखाद्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना तोंड उघडायला काय लागत असेल, याचा विचार करावा.

इथपर्यंत लिहिणे सोपे आहे. आरोपी कुणीतरी दुसरा आहे, संस्था दुसऱ्याची आहे.

ज्या मुलीच्या आईबरोबर मी शाळेत गेले तो शिक्षक आपला होता. बौद्ध. चौदा एप्रिलला भाषण करणारा, विहाराच्या बांधकामाला वर्गणी देणारा, वस्तीतल्या चार मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन देणारा. आई शाळेत जायच्या आधी विहारात गेली होती. तिथे बैठक झाली. तिला सांगितले गेले की समाजाची बदनामी होईल, आधीच आपल्या शिक्षकांवर सगळ्यांचा डोळा आहे, तो पाया पडून माफी मागेल, बदली करून घेईल. तिला माफी नको होती. दुसऱ्या गावातल्या मुलींचे काय, असे तिने विचारले. उत्तर मिळाले नाही.

त्या बैठकीला बसलेल्या माणसांपैकी दोघांचा मी आजही आदर करते. म्हणून स्पष्ट लिहिते. कलम १९ 'कोणतीही व्यक्ती' म्हणते. विहार समितीचा अध्यक्ष, महिला मंडळाची सचिव, धम्मवर्ग घेणारा तरुण, मी स्वतः, आपण सगळे त्यात येतो. बैठकीत ऐकले आणि उठून घरी गेलो, तर आपली जागा राजुऱ्याच्या त्या डॉक्टरच्या शेजारी आहे.

आपसात मिटवण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालय बोलले आहे. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला, मग मुलीच्या वडिलांशी तडजोड झाली आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मोडला. असा गुन्हा दोन घरांतला खासगी मामला नाही, तडजोडीने तो संपत नाही, असे ठरवले. कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे असे त्यात आणखी एक आहे: सर्वोच्च न्यायालयात गेले होते ते मुलीचे नातेवाईक नव्हते. रामजी लाल बैरवा आणि त्यांचे सोबती हे प्रकरणाशी घरचा संबंध नसलेले नागरिक होते. न्यायालयाने त्यांचे ऐकून घेतले. आईबाप दबावाखाली गप्प झाले तरी तिसरा माणूस उभा राहू शकतो.

गडचिरोलीत हे सगळे आणखी अवघड होते. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांपेक्षा जास्त. बालकल्याण समिती तिथे. भामरागड-एटापल्लीच्या पट्ट्यात पोलीस मदत केंद्राची पायरी चढायला माणूस दहा वेळा विचार करतो. गावात त्याचा अर्थ वेगळाच लावला जातो. अशा वेळी कायद्यातल्या काही सोयी माहीत असाव्यात. मुलीला ठाण्यात जावे लागत नाही. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. तिला मराठी समजत नसेल तर माडिया किंवा गोंडी जाणणारा दुभाषी देणे बंधनकारक आहे. घटना कुठल्याही हद्दीतली असो, गुन्हा जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. आपल्या संघटनांकडे माडिया बोलणारे किती कार्यकर्ते आहेत? मी मोजायला बसले तेव्हा एका हाताची बोटेही पुरली आणि उरली.

"मग इतके दिवस का गप्प होती?" हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात येतो. आश्रमशाळेतली मुलगी दिवाळीला किंवा उन्हाळ्याला घरी येते, मोहफुले वेचताना आईला हळूच काही सांगते, तेव्हा घटनेला चार महिने झालेले असतात. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०१७ मध्ये अंतिम अहवाल दिला. आठ हजारांवर लोकांशी खासगीत बोलून त्यांना दिसले की माणसे असे सांगायला सरासरी जवळपास २४ वर्षे घेतात. शिकलेल्या, पैसेवाल्या देशातली ही गोष्ट. आपली मुलगी चार महिन्यांत बोलली तर तिला उशीर झाला म्हणायचा नाही.

त्या आईचे पुढे काय झाले ते सांगते. शाळेतून निघून त्याच दुपारी आम्ही ठाण्यात गेलो. आधी 'मुख्याध्यापकांचे पत्र आणा' असे सांगितले गेले. मी कलम १९ आणि राजुऱ्याच्या निकालाची प्रत पुढे ठेवली, रात्री गुन्हा नोंदला गेला. शिक्षक निलंबित आहे. वस्तीत अर्धी घरे तिच्याशी बोलत नाहीत. वर्षावासात तिला ग्रंथवाचनाला बोलावले नाही. मुलगी आता दुसऱ्या गावातल्या शाळेत जाते. तारखेच्या दिवशी आईची मजुरी बुडते आणि दोघींचे गाडीभाडे लागते. ते भाडे शेजारच्या गावच्या महिला मंडळाने उचलले आहे. त्यात तीन बौद्ध बाया आहेत, दोन गोंड आणि एक माना. पुढच्या महिन्यात मुलीची साक्ष आहे.